बर्फाची दुबार पेरणी

भिलाईत कुणालाही सांगून बघा, "आम्ही स्कीइंगला चाललोय." समोरचा आधी 'स्केटिंग' ऐकतो. तुम्ही पुन्हा सांगता. मग तो तुमच्याकडे असा बघतो, जणू तुम्ही शिवनाथ नदीत देवमासा पकडायला निघाला आहात.

त्याचंही चुकत नाही म्हणा. आमचं गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. त्यात शेजारी पोलादाचा कारखाना, म्हणजे दीड हजार अंशांचं वितळलेलं लोखंड. बर्फाशी आमचा संबंध फ्रीजर आणि उसाच्या रसापुरता. फार तर डिसेंबरात कुणीतरी मैनपाटहून गवतावर गोठलेल्या दंवाचे फोटो पाठवतं आणि आम्ही ते आठ दिवस एकमेकांना फॉरवर्ड करत राहतो.

तरीही आम्ही गेलो. खरं सांगायचं तर तीन वेळा ठरवलं आणि एकदा पोचलो. मी इथे लिहिणार आहे ते जास्त करून त्या न पोचलेल्या दोन वेळांबद्दल. बर्फातले सुंदर फोटो तुम्हाला फोनवर हवे तितके दिसतील. पण तिकिटं हातात आहेत, मुलांच्या बॅगा भरल्या आहेत आणि तिथे बर्फच पडलेला नाही, अशा वेळी घरात काय काय होतं, ते फारसं कुणी लिहीत नाही.

आमच्या घरात हे खूळ शिरलं ते माझ्या सासऱ्यांमुळे. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो. मूळचे वर्धा जिल्ह्यातले, कपाशीच्या घरातले. नोकरीसाठी भिलाईला आले आणि इथलेच झाले. भिलाईचा कारखाना सोव्हिएत संघाच्या मदतीने उभा राहिला, १९५५ साली तसा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. इथून कितीतरी इंजिनिअर तिकडे प्रशिक्षणाला जात. १९७४ च्या हिवाळ्यात बाबाही गेले. सहा महिने. उरल पर्वताजवळच्या मॅग्निटोगोर्स्क या पोलादाच्या शहरात.

त्या सहा महिन्यांचा आमच्याकडे एकच फोटो आहे. काळा-पांढरा. २९ वर्षांचे बाबा, डोक्यावर केसाळ टोपी, अंगात आईंनी विणलेला करडा स्वेटर आणि पायांत लाकडी स्की. रविवारी तिथले सहकारी त्यांना गावाबाहेरच्या सपाट बर्फावर घेऊन जायचे. स्कीला बाबा अजूनही 'लीझी' म्हणतात, रशियन शब्द आहे तो. माझी मुलंही लहानपणापासून तेच म्हणतात. मुलीने तिसरीत असताना चित्रकलेच्या वहीत 'आजोबांची लीझी' असं लिहिलं, तर बाईंनी खाली लाल शाईत विचारलं होतं, "ही कोण?"

बाबा आईंना म्हणायचे, तुला एकदा बर्फ दाखवीन. नाही जमलं. घर, बहिणींची लग्नं, मग आईंचे गुडघे. आई जाऊन त्या वेळी तीन वर्षं झाली होती. बाबांनी यातलं काहीही कधी आम्हाला बोलून दाखवलेलं नाही. मलाही हे आईंकडूनच कळलेलं.

तर पहिला बेत होता औलीचा, जानेवारी २०२३ च्या शेवटी. उत्तराखंडात जोशीमठच्या वर औली आहे. गढवाल मंडळ विकास निगमाचे तिथे ७ आणि १४ दिवसांचे स्कीइंगचे कोर्स चालतात, त्यातला सात दिवसांचा मुलीसाठी आम्ही हेरून ठेवला होता. खाली जोशीमठात राहायचं आणि चार किलोमीटरच्या रोपवेने वर जायचं, म्हणजे बाबांनाही चढ नको. कागदावर सगळं झकास होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जोशीमठच खचायला लागलं. घरांच्या भिंतींना भेगा गेल्या, आठशेहून जास्त इमारतींना. माणसं थंडीत घरं सोडून बाहेर पडली. रोपवे बंद झाला. आमच्या आगाऊ पैशांचं काय, असा फोन करायला नवऱ्याने मोबाइल हातात घेतला आणि टीव्हीकडे बघून परत खाली ठेवला. ज्यांच्या डोक्यावर छप्पर राहिलं नाही, त्यांच्याकडे सहलीचे पैसे कसे मागायचे? पुढे फेब्रुवारीत औलीला व्हायच्या राष्ट्रीय स्कीइंग स्पर्धाही पुरेशा बर्फाअभावी रद्द झाल्या. म्हणजे जोशीमठ सुखरूप असतं तरी आम्ही तिथे जाऊन उघडे डोंगरच पाहिले असते. औलीला कृत्रिम बर्फ करणारी यंत्रं आहेत, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बसवलेली. पण त्यांनाही हवा गोठणबिंदूच्या आसपास लागते. आभाळाने साथ दिली नाही तर यंत्रही हात वर करतं.

दुसरा बेत गुलमर्गचा. इथे आम्ही शहाणे झालो होतो, असं आम्हाला वाटत होतं.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. तिथून गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, दोन टप्प्यांत अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत जातो, जवळजवळ ३,९५० मीटरवर. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याचे मानतात, त्याला 'चिल्लई कलां' म्हणतात. मग वीस दिवसांची 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांची 'चिल्लई बच्चा'. आपल्याकडे नक्षत्रं असतात ना, तसंच. मृगाचा पाऊस वेगळा, हस्ताचा वेगळा. चिल्लई कलांमध्ये पडलेला बर्फ घट्ट बसतो, उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांना आणि बागांना पाणी पुरवतो. नंतर पडलेला लवकर वितळतो. आम्ही हे सगळं वाचून बरोबर मध्य साधला, १३ ते १८ जानेवारी २०२४. संक्रांत गुलमर्गला. तिळाचे लाडू बर्फात खायचे, असं धाकट्याने जाहीरही करून टाकलं.

आता इथे आमची चूक सांगते. तुम्ही करू नका. आम्ही विमानाची सर्वांत स्वस्त तिकिटं काढली, तारीख बदलली तर जवळपास सगळे पैसे जाणारी. आणि हॉटेलचे निम्मे पैसे आधी भरले, कारण 'आज भरलेत तर सूट'. पाच माणसांचा खर्च होता, दोन वर्षं आरडीत साठवलेला. सूट दिसली की आपली बुद्धी अंमळ पातळ होतेच.

डिसेंबर कोरडा गेला. आम्ही म्हटलं, पडेल. नवं वर्ष उजाडलं. गुलमर्गचे फोटो येऊ लागले, तपकिरी गवत, बोडके उतार. हॉटेलला फोन केला तर "जी मॅडम, बर्फ ही बर्फ है." पुरावा म्हणून त्यांनी व्हिडिओ पाठवला. खरंच पांढराशुभ्र. आम्ही सगळे सुखावलो. बाबांनीही चष्मा लावून दोनदा पाहिला. मग मुलगी म्हणाली, "आई, यातल्या सगळ्यांनी मास्क का लावलाय?"

मास्क! व्हिडिओ कोरोनाच्या हिवाळ्यातला होता.

त्या दिवसापासून घरातली हवामान अधिकारी तीच झाली. भारतीय हवामान विभागाचं श्रीनगरला केंद्र आहे, त्यांचा अंदाज ती रोज बघायची. तिच्याकडूनच मला कळलं की हिमालयातला हिवाळी बर्फ आपल्या मान्सूनमुळे पडत नाही. तो येतो पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेले वादळी पट्टे इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात आणि हिमालयाला धडकतात, त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्यांचंच शेपूट कधी विदर्भापर्यंत आणि आमच्या छत्तीसगडपर्यंत पोचतं. ऐन थंडीत आभाळ भरून येतं, हरभऱ्याच्या वेळी नको तो पाऊस पडतो, कधी गारपीट होते. म्हणजे ज्या मावठ्याला बाबांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातल्या गेल्या, त्याचाच थोरला भाऊ काश्मिरात बर्फ पाडतो. त्या हिवाळ्यात हे विक्षोभ आले ते कमजोर आले. शिवाय ते एल निनोचं वर्ष होतं.

८ जानेवारीला रात्री जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. पुढच्या दहा दिवसांत बर्फाची चिन्हं नव्हती. जायचं की थांबायचं?

नवरा म्हणाला, जाऊ या, पैसे गेलेलेच आहेत, काश्मीर तर बघू. मुलगी म्हणाली, मला काश्मीर बघायचं नाही, स्कीइंग करायचंय. आणि ती रडायला लागली. नववीत होती. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे दोन वर्षं घरातून हलायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. धाकट्याला एवढंच कळलं की लाडू बर्फात खाता येणार नाहीत.

बाबा काही बोलत नव्हते. मग उठले आणि सहज म्हणाले, "राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. 'पुढच्या वर्षी' हे शब्द नऊ वर्षांच्या मुलाने म्हटले तर ती तक्रार असते, आपण चाळिशीत म्हटले तर ती सोय असते. ७८ वर्षांच्या माणसाने म्हटले की आपण ताटावरून उठून उगाच पाणी पिऊन येतो.

मीही उठले. परत आले आणि म्हटलं, "पुढच्या वर्षी नाही, पुढच्या महिन्यात. बर्फ पडला की चार दिवसांत निघायचं."

"रजा?" नवऱ्याने विचारलं. "परीक्षा?" मुलीने विचारलं. "पैसे?" हे कुणीच विचारलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं.

बाबा दारात थांबले होते. म्हणाले, "म्हणजे दुबार पेरणी."

शेतकऱ्याच्या घरातला शब्द. पहिल्या पावसावर पेरलं, पावसाने दगा दिला, बी वाया गेलं. मग पुन्हा बियाणं आणायचं, पुन्हा पेरायचं. पहिल्या बियाण्याचा हिशेब मनातून काढून टाकायचा, कारण तो धरून बसलं तर दुसरी वेळ हातातून जाते. माझ्या आजेसासऱ्यांनी किती वेळा केली असेल, आणि त्यांच्या पेरणीवर वर्षभराची भाकरी असायची. आमची तर सहल.

नुकसान ३१ हजारांचं झालं. सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. तिकिटांचे थोडे कर परत मिळाले, हॉटेलने निम्म्यातलेही निम्मे कापून घेतले. मी त्यांच्याशी फोनवर भांडले. त्या मास्कवाल्या व्हिडिओचा विषय काढला तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

दुसऱ्या पेरणीची तयारी वेगळी केली. सगळं सांगत बसत नाही, पण काही गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. तिकिटं काढायच्या आधी आम्ही तारीख बदलायला किती पैसे पडतात ते वाचलं. थोडी महाग पण बदलता येणारी तिकिटं शोधून ठेवली. राहायची जागा गुलमर्गच्या वर न घेता खाली तंगमर्गला, घरगुती, आणि पैसे पोचल्यावर द्यायचे असं ठरवलं. वर जायला १३ किलोमीटर, रस्त्यावर बर्फ असला तर चाकांना साखळ्या बांधलेली गाडी करावी लागते. पण खाली राहिलं की बाबांना रात्रीची थंडी आणि उंची दोन्ही जरा सोसवतात. डॉक्टरांनी त्यांना गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर जायला साफ मनाई केली होती. रक्तदाब आहे. आणखी एक. दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, पोस्टपेडच लागतं. आमच्यात फक्त नवऱ्याचं पोस्टपेड होतं, आणि हे आम्हाला आधी कळलं ते केवळ मुलीच्या वाचनामुळे. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाताना ही क्षुल्लक गोष्ट नाही.

आणि पाय. स्कीइंग हातांनी नाही, मांड्यांनी करायचं असतं. जानेवारीभर आमच्या क्वार्टरच्या भिंतीला पाठ टेकवून आम्ही चौघं हवेतल्या खुर्चीत बसत होतो, एक मिनिट, दीड मिनिट. शेजारच्या काकू एकदा दूध घ्यायला आल्या आणि कुणाला तरी शिक्षा झालीय असं समजून तशाच परत गेल्या.

जानेवारीच्या शेवटी, चिल्लई कलां संपता संपता, बर्फ पडला. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांत आणखी पडला. मुलीने पहाटे आम्हाला उठवून फोन दाखवला. या वेळी तिने आधी तारीख तपासली होती. ८ फेब्रुवारीला आम्ही रायपूरहून दिल्लीमार्गे श्रीनगरला उतरलो.

आता तुम्हाला वाटेल की बर्फ पडला म्हणजे प्रश्न मिटला. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

पहिल्या सकाळी नऊ वाजता आम्ही उतारावर हजर. भाड्याचे बूट, स्की, हेल्मेट, सगळा जामानिमा. आमचे प्रशिक्षक म्हणजे तंगमर्गकडचेच एक मध्यमवयीन गृहस्थ. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी काठीने बर्फावर टक टक केलं. काचेवर मारल्यासारखा आवाज आला. म्हणाले, "अभी नहीं. चाय पीजिए." दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो, रात्री तो पुन्हा गोठतो, आणि सकाळी जे उरतं त्यावर नवखा माणूस स्की घालून उभा राहिला की थेट खालीच जातो. साडेदहापर्यंत ऊन लागून तो जरा मऊ होतो. दुपारी दोननंतर तोच बर्फ चिकट, ओल्या साखरेसारखा. स्की रुततात आणि गुडघे पिरगळतात. म्हणजे शिकायला मिळतात ते मधले तीन-साडेतीन तास. एका दिवसात तीन प्रकारचा बर्फ. हे मला कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नव्हतं.

मुलं भराभर शिकली. पहिला धडा थांबायचा. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची बाजू फाकवलेली. लहान मुलांना 'पिझ्झा करो' असं सांगतात, तो त्रिकोणी तुकडा. दुसरा धडा पडायचा. कुशीवर पडायचं, हात मागे टेकायचा नाही. धाकट्याने दुसरा धडा पहिल्याआधीच पक्का केला. मी स्वतः दोन दिवसांत किती वेळा पडले ते मोजलं नाही. मोजायचं काम मुलीने केलं आणि आकडा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. मोज्यांचं मात्र ऐका: दोन जोड घालू नका. एकच, लांब. दोन घातले की बुटात सुरकुती पडते आणि पोटरी सोलवटते. मी घातले होते.

तिसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे गोंडोलाचा वरचा टप्पा बंद राहिला. लोक चिडले होते, रांगेत वाद चालले होते. आम्ही एक दिवस जादाचा धरून आलो होतो, त्यामुळे फारसं बिनसलं नाही. खालीच थांबलो. एका स्लेजवाल्याने बाबांना गळ घातली, बसा, ओढून फिरवतो. बाबांना माणसाने ओढलेल्या गाडीत बसायचं नव्हतं. पण त्याच्याशी बोलत बसले. तो म्हणाला, जानेवारीत एक दिवस काम नव्हतं, घोडेवालेही बसून, उस्तादही बसून. पाहुणे येत, मोकळ्या गवतावर फोटो काढत आणि तासाभरात परत जात. बाबांनी विचारलं, "मग खाल्लं काय?" तो हसला आणि म्हणाला, "उधार." बाबांनी मग त्याच्या स्लेजवर मुलांना बसवलं, तीन फेऱ्या, आणि पैशांवरून घासाघीस करणाऱ्या आपल्या मुलाला डोळ्यांनीच गप्प केलं. आमचे ३१ हजार मला त्यानंतर आठवले नाहीत. खरं म्हणजे आठवले, पण सांगावेसे वाटले नाहीत.

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "मला लीझी द्या."

मी नाही म्हटलं. नवऱ्यानेही नाही म्हटलं. ७८ वर्षं, रक्तदाब, आणि पडले तर खुबा. श्रीनगर तिथून ५० किलोमीटर. मी स्पष्टच बोलले, "बाबा, तुम्हाला काही झालं तर मी स्वतःला काय सांगू?" बाबांनी रागाने तोंड फिरवलं. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत ते माझ्यावर असे रागावलेले मी पाहिले नव्हते. पंधरा-वीस मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही. धाकटासुद्धा.

मधे पडले ते उस्ताद. उतारावर नाही, अगदी सपाट जागी, दोन्ही बाजूंनी आम्ही धरायचं, दहा पावलं, असा तोडगा त्यांनी काढला. मी बराच वेळ ठरवू शकले नाही. अजूनही मला खात्री नाही की मी हो म्हटलं ते बरोबर केलं. तुमच्या घरातलं माणूस असतं तर तुम्ही काय केलं असतं, हे मी विचारणार नाही, पण माझ्या हातापायांना तेव्हा कंप सुटला होता एवढं सांगते.

बाबांनी जाकीट काढलं. आत आईंचा करडा स्वेटर होता, पोटावर ताणलेला. तो त्यांनी बॅगेत भरल्याचं मला माहीत नव्हतं. बुटात पाय घालायलाच दहा मिनिटं गेली. मग ते उभे राहिले. आणि उभे राहताच त्यांनी गुडघे वाकवले, अंग किंचित पुढे झुकवलं, जे आम्हाला शिकायला दोन दिवस लागले होते. उस्ताद म्हणाले, "बाबाजी को किसी ने सिखाया है."

एक पाय. दुसरा पाय. मॅग्निटोगोर्स्कला त्यांना सपाटीवरचंच स्कीइंग शिकवलेलं होतं, तीच चाल. एका बाजूने उस्ताद, दुसऱ्या बाजूने नवरा. साधारण बारा-पंधरा फूट गेले असतील. मग थांबले आणि म्हणाले, "बस." स्वतःहून. बूट काढून खुर्चीवर बसले, खाली वाकून मूठभर बर्फ उचलला आणि हातातच ठेवला. पाणी बोटांतून ठिबकत होतं. मी रुमाल दिला तर नको म्हणाले.

मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा छोट्या उतारावरून न पडता खाली आली. आम्ही कुणीच ते पाहिलं नाही. याबद्दल तिने आम्हाला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

आम्ही परतलो त्यानंतर आठवडाभराने गुलमर्गला जोराची बर्फवृष्टी झाली. आणि २२ फेब्रुवारीला अफरवटच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीअर दगावला. जुन्या कडक थरावर नव्या बर्फाचा भार पडला की तो निसटू शकतो, हे उस्तादांनी आम्हाला सांगितलं होतं. म्हणूनच आखलेल्या उतारांबाहेर जायचं तर स्थानिक जाणकार सोबत लागतो. बाबांनी ती बातमी पेपरातून कापून ठेवली. का, ते विचारलं नाही.

हे लिहितेय तेव्हा मार्च २०२५ संपत आलाय. यंदाही तिकडे तीच कथा. गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ २२ फेब्रुवारीला सुरू व्हायचे होते, बर्फ नाही म्हणून पुढे ढकलले आणि ९ मार्चला सुरू झाले. सरकारी स्पर्धांनाही दुबार पेरणी करावी लागली, असं बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले. मुलीची दहावीची परीक्षा नुकतीच संपली आहे. ती पुन्हा रोज श्रीनगरचा अंदाज बघायला लागली आहे. मार्चअखेर बघून काय करणार, विचारलं तर म्हणते, सवय राहावी म्हणून.

काल कपाटं आवरताना गरम कपडे ट्रंकेत टाकत होते. बाहेर ३९ अंश, कूलरला पाणी भरायची वेळ झालेली. सगळे स्वेटर टाकले आणि करडा स्वेटर उचलला, तर बाबा खोलीतून म्हणाले, "तो राहू दे वरच."